पाचवी सही

कचेरीतल्या दाखल्यांच्या खिडकीवर कारकुनाने पासबुकाची पानं उलटसुलट चाळली, बोटाला थुंकी लावून पुन्हा पहिल्यापासून बघितली आणि चष्म्याच्या वरून यारीवाल्याकडे नजर टाकली.

"वर्षाचे पावणेसात लाख," तो म्हणाला. "आणि वर फी माफ पाहिजे?"

रांगेतल्या दोघा-तिघांनी माना पुढे काढल्या. यारीवाल्याच्या अंगात घरातला एकुलता एक इस्त्रीचा शर्ट होता आणि आता तोच त्याला नडत होता. विहिरीवरच्या मळक्या कपड्यांत आला असता तर निदान रांगेला तरी त्याचं खरं वाटलं असतं.

"माझे नाहीत साहेब ते."

"खातं कोणाचं?"

"खातं माझं."

"मग पैसे काय शेजाऱ्याचे?"

रांग हसली. त्याच्याजवळ उभी असलेली त्याची पोरगी हसली नाही. तिचा इंजिनिअरिंगच्या कॉलेजात मेकॅनिकलला नंबर लागला होता, तोही सरळ गुणांवर. गरीब घरातल्या मुलींची फी सगळीच्या सगळी माफ, असं कॉलेजच्या फाटकावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याचा दाखला जोडावा. सगळी मेख त्या बारीक अक्षरांत होती.

यारीवाला म्हणजे विहिरी खोदणाऱ्या टोळीचा म्होरक्या. यारी त्याची. लोखंडी खांब, त्यावर चाक, खाली डिझेलचं इंजिन, तारेचा दोर आणि दोराच्या टोकाला दगड-मुरूम वर आणणारा लोखंडी डोल. पाच माणसं खाली उतरायची, यारीवाला वर ब्रेकचा दांडा धरून बसायचा. वर आलेला डोल कडेला ओढून रिकामा करायचं काम त्याच्या बायकोचं. वाटे बापजाद्यांपासून ठरलेले होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला एक, ब्रेकवरच्याला एक, यारीला एक, आणि बायकोला अर्धा. दिवसाला दीडदोनशे डोल ओढणाऱ्या बाईला अर्धाच का, असं कोणी कधी विचारलं नव्हतं. तिनेही नव्हतं विचारलं.

पूर्वी विहिरीचा मालक रोख पैसे द्यायचा आणि संध्याकाळी पोत्यावर वाटे पडायचे. दोन वर्षांपासून विहिरींची कामं सरकारी योजनेतून यायला लागली. योजनेला रोख चालत नव्हतं. तिला एक नाव आणि एक खातं हवं होतं. टोळीने एकमुखाने यारीवाल्याचं नाव दिलं. बाकीच्यांना बँकेच्या रांगेचा कंटाळा होता आणि यारीवाल्याला त्यात मोठेपणा वाटला होता. त्या मोठेपणाचं बिल आता पोरीच्या नावाने आलं होतं.

"साहेब, वाटप लिहिलेलं आहे," पोरगी म्हणाली आणि तिने पिशवीतून वही काढली. शंभर पानी वही, वर प्लास्टिकचं कव्हर. प्रत्येक विहीर, प्रत्येक तारीख, कोणाला किती.

कारकुनाने वही उघडली. अक्षर बघून त्याच्या भुवया जरा वर गेल्या. "सुरेख. कोणाचं अक्षर?"

"माझं."

"म्हणजे अर्जदाराने स्वतःच लिहिलं की आमचं उत्पन्न कमी आहे." त्याने वही मिटून परत सरकवली. "उद्या मीही लिहीन."

टोळीत धड लिहिता येणारी ती एकटीच होती, म्हणून पाचवीपासून हिशेब तिच्याकडे होता. चांगलं लिहिते म्हणून तिला वही दिली आणि तिने लिहिलं म्हणून वही खोटी ठरली. आता यावर काय बोलणार माणूस?

यारीवाला गजांना धरून उभा राहिला. "मग करायचं काय साहेब? तुम्हीच सांगा."

कारकून अगदीच दगड नव्हता. त्याने एक छापील फॉर्म काढला. ज्यांना-ज्यांना पैसे दिले त्या प्रत्येकाने किती मिळाले ते मान्य करून यावर सही करायची, ओळखपत्राची प्रत जोडायची. तेवढी रक्कम वजा होईल. "शुक्रवारी पाचला खिडकी बंद. मग पुढच्या वर्षी या."

पोरीने फॉर्म घडी न घालता वहीत ठेवला. बाहेर आल्यावर यारीवाल्याने आधी तो शर्ट विजारीतून बाहेर काढला आणि मोठा श्वास घेतला.

"पाच तर सह्या," तो म्हणाला. "घरचीच माणसं आहेत."

विहीर पंचावन्न फुटांवर गेली होती. पावसाच्या आत सत्तर गाठायचे होते आणि खाली काळा पाषाण लागला होता. दिवसभर ड्रिलचा खडखडाट, मग सुरुंग, मग मलबा उपसणं. इंजिनचा धूर डोळ्यांत जायचा. बायको डोक्याला फडकं बांधून कडेला उभी असायची, डोल वर आला की दोन्ही हातांनी ओढायची, पाय रोवून उलटा करायची आणि परत सोडायची. तिच्या उजव्या खांद्याला गाठ आली होती. ती गाठ ती कोणाला दाखवत नसे.

यारीचे काही नियम होते. खालून "घे!" अशी हाक आली की डोलात दगड आहेत, इंजिन दाबून ओढायचं. "माणूस!" अशी हाक आली की डोलात माणूस आहे, सावकाश घ्यायचं. आणि दोराला माणूस असेल तेव्हा ब्रेकवरच्याशी कोणी बोलायचं नाही, ब्रेकवरच्यानेही कोणाशी बोलायचं नाही. भांडण झालेलं असो, घरात मयत झालेलं असो. दोराला माणूस, की तोंड बंद.

मंगळवारी दुपारी जेवायला सगळे वर आले तेव्हा यारीवाल्याने फॉर्म काढला. खाली घमेलं पालथं घातलं आणि त्याच्यावर कागद ठेवला.

सुरुंगवाले बाबा सगळ्यांत वयस्क. त्यांनी हात कपड्याला तीनदा पुसले. "यात मला आत घालणार नाहीत ना?"

"कशाबद्दल घालतील बाबा?"

"ते मला काय माहीत? सरकारी कागदावर सही केली की कशाबद्दल तरी घालतातच." पण त्यांनी सही केली. तीन अक्षरांना त्यांना पाच मिनिटं लागली आणि तेवढा वेळ सगळ्यांनी घास थांबवून ठेवले.

दुसरा होता तो रेडिओ. तोंड चालू केलं की बंद होत नसे, म्हणून ते नाव. त्याला सगळा फॉर्म मोठ्याने वाचून हवा होता. पोरीने वाचला. त्याने मध्ये सात प्रश्न विचारले, आठवा विचारायच्या आत यारीवाल्याच्या बायकोने त्याच्या हातात पेन कोंबलं. मग थोरला आणि धाकटा, सख्खे भाऊ. धाकट्याने आधी सही केली म्हणून थोरल्याला राग आला. धाकट्याच्या सहीच्या खाली आपण सही करणार नाही, असं तो म्हणाला. शेवटी पोरीने वरच्या समासात त्याच्यासाठी जागा करून दिली.

राहिला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, यारीवाल्यानेच दहा वर्षांपूर्वी टोळीत घेतलेला. तो डब्याचं झाकण बोटाने फिरवत बसला होता.

"दाजी, माझी नको."

"नको म्हणजे?"

"माझं घर मंजूर झालंय. पुढच्या महिन्यात पहिला हप्ता येणार." त्याने मान वर केली नाही. "मी त्यांना लिहून दिलंय की मला ठरलेलं काम नाही, उत्पन्न नाही. आता इथं नव्वद हजार मिळाले म्हणून सही केली आणि कोणी ताडून बघितलं तर?"

"कोण ताडून बघतंय? ही कचेरी वेगळी, ती वेगळी."

"कॉम्प्युटर एकच आहे."

 यारीवाला म्हणाला, "अरे भाचीचं शिक्षण आहे."

"आणि माझ्या पोरांच्या डोक्यावर पत्रा नाही दाजी. मागच्या पावसात ताडपत्री तुम्हीच आणून दिली होती. विसरलात?"

बायको दोघांच्या मध्ये बसली होती. एका बाजूला नवरा, एका बाजूला भाऊ. तिने उरलेला घास डब्यात परत ठेवला आणि ती डोलाकडे निघून गेली. रेडिओ काहीतरी बोलणार होता, बाबांनी त्याच्या गुडघ्यावर थापट मारली.

दोघांचंही खरं होतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. एक जण खोटारडा असता तर भांडता तरी आलं असतं. एक फुकट घर, एक फुकट शिक्षण, आणि दोन्ही देणाऱ्यांनी अशी मांडणी केली होती की एकाला घ्यायचं तर दुसऱ्याच्या हातातून काढून घ्यावं लागेल.

बुधवारी यारीवाला चार सह्या घेऊन कचेरीत गेला. काम अर्धा दिवस बंद, मालकाच्या शिव्या वेगळ्या. कारकुनाने कॅल्क्युलेटर दाबला.

"तीन लाख पंधरा हजार. मर्यादा अडीच."

"एकच सही राहिलीय साहेब. बायकोचा भाऊ आहे. तुम्ही विश्वास ठेवा."

"विश्वासाचा रकाना नाही यात," कारकून म्हणाला. वाईट हेतूने नाही, खरोखरच फॉर्म पालटून त्याने दोन्ही बाजू दाखवल्या.

तिथून तो कॉलेजात गेला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की काळजीचं कारण नाही, आत्ता ऐंशी हजार पूर्ण भरा, दाखला आला की पैसे परत मिळतील. किती दिवसांत? ते वरून येतात, सांगता येत नाही. यारीवाल्याने विचारलं, "ज्याच्याकडे ऐंशी हजार आहेत त्याला माफी कशाला लागेल बाई?" बाईंनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळी घरात पोरगी इंजिनचा फिल्टर रॉकेलने धूत बसली होती. काळ्या हातांनीच ती म्हणाली, "बाबा, राहू द्या. यंदा मी ब्रेकवर बसते. पुढच्या वर्षी प्रत्येकाच्या खात्यात वेगळे पैसे घालायला लावू. मग बघू."

"पुढच्या वर्षी नंबर लागेल कशावरून?"

"लागेल."

"आणि नाही लागला तर? जन्मभर दांडा धरशील?" तो ओरडला. ओरडायचं होतं कारकुनावर, पण कारकून इथं नव्हता.

बायको म्हणाली, "मी गेले होते त्याच्याकडे. रडला तो. नाही म्हणाला, पण रडला."

"रडून दाखला मिळतो का?"

ती खांद्यावरची गाठ चोळत बसली.

गुरुवारी पोरगी ओळखपत्रांच्या प्रती काढायला गावात गेली होती. ऊन असं होतं की दांडा फडक्याशिवाय धरवत नव्हता. दुपारी जेवायला एकेक जण वर आला. बाबा आले, रेडिओ आला, दोघं भाऊ आले. शेवटी खालून हाक आली, "माणूस!"

मेहुण्याचा आवाज होता.

यारीवाल्याने सावकाश घ्यायला सुरुवात केली. दोर ताणला, चाक करकरलं. त्याने काही ठरवलं नव्हतं. नंतर त्याने हे स्वतःला शंभरदा सांगितलं आणि ते खरंच होतं. पण डोल अर्ध्यावर आला, मेहुण्याचं डोकं विहिरीच्या अंधारातून उन्हाच्या पट्ट्यात आलं, आणि यारीवाल्याचा हात दांड्यावर दाबला गेला.

डोल थांबला. एक पाय आत, एक बाहेर, दोन्ही हात तारेला, असा मेहुणा तीस फुटांवर लोंबकळत राहिला. डोल संथपणे गोल फिरत होता.

"काय झालं?" त्याने वर बघितलं. "तार अडकली का?"

यारीवाला म्हणाला, "सही करतोस का?"

सगळे डबे तिथेच टाकून उठले. 

"दाजी, चेष्टा पुरे."

"मी चेष्टा करत नाही. उद्या पाचला खिडकी बंद होते."

"दाजी, हाताला घाम आलाय."

"सही करतोस का?"

बायको विहिरीची कड सोडून धावत आली. "वर घ्या त्याला! वर घ्या म्हणते ना! अहो, माणूस आहे दोराला!" तिने त्याच्या हाताला हात घातला नाही. ब्रेकवरच्या हाताला हात घालायचा नसतो, हे रागातसुद्धा तिच्या लक्षात होतं. जे ती विसरली नाही ते तो विसरला होता.

खालून आवाज आला, अगदी बारीक. "करतो."

वर आल्यावर मेहुणा कडेला बसला.  बायकोने पालथं घमेलं त्याच्यासमोर ठेवलं, कागद ठेवला आणि त्याच्याकडे न बघता पेन दिलं. त्याने सही केली, सहीवर चिखलाचा अंगठा उमटला. मग डबा न उघडताच तो घरी गेला. कोणी त्याला थांबवलं नाही आणि कोणी यारीवाल्याकडे बघितलंही नाही.

शुक्रवारी पावणेपाचला कारकुनाने फॉर्म घेतला. सह्या मोजल्या, पाच. ओळखपत्रांच्या प्रती त्याने उघडल्यासुद्धा नाहीत. आकडे वजा केले, दोन लाख पंचवीस हजार, आणि धाडकन शिक्का मारला. पाचवी सही चिखलाची का आहे, हे त्याने विचारलं नाही. त्याने नीट बघितलीच नव्हती. यारीवाल्याला वाटलं, कोणीही कोणाचंही नाव लिहून आणलं असतं तरी चाललं असतं. हा विचार डोक्यात आला तेव्हा त्याला दाखला हातात असूनही रडू यायला लागलं. पोरगी म्हणाली, "बाबा, झालं ना आता?" तो म्हणाला, "झालं."

सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं. शनिवारी सकाळी पोरगीही विहिरीवर आली, सगळ्यांना सांगायला. सगळे होते, मेहुणाही होता. पण इंजिन चालू झालं तरी डोलात कोणी पाय ठेवेना.

"बाबा, चला," यारीवाला म्हणाला.

सुरुंगवाले बाबा विडी न पेटवता बोटांत फिरवत होते. "तुझ्या हाताखाली मी पंधरा वर्षं उतरलो. तुझ्या बापाच्या हाताखाली पंचवीस. आता नाही उतरणार."

"बाबा, ते एकदा झालं."

"एकदाच होतं ते."

पोरीने विचारलं, "काय झालं?" कोणी सांगेना. शेवटी रेडिओने सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने दोनच वाक्यांत सांगितलं. पोरीचा चेहरा उतरला. ती मामाकडे बघत राहिली, मग बापाकडे वळली.

"मामाला टांगून ठेवलंत? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच."

"मग यात माझं नाव नका घेऊ."

यारीवाल्याला ते कानफटात बसल्यासारखं लागलं. तो इंजिनकडे तोंड करून उभा राहिला.

थोरला चुळबुळत म्हणाला, "पोरगी ब्रेकवर बसली तर आम्ही उतरू. तिचा हात चांगला आहे." धाकट्याने मान डोलावली. या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं होतं, हे आणखी वाईट.

"बसते मी," पोरगी म्हणाली. "सत्तर फूट होईपर्यंत. कॉलेजला उशिरा जाईन." तिच्या पिशवीत दाखला होता. महिनाभर हजर नसलेल्या मुलीची माफी रद्द होते, हे त्याच फाटकावर आणखी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि तिने ते वाचलेलं होतं.

"तू सोमवारी जायचंस," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधत होती.

"तू गेली नाहीस तर माझा भाऊ फुकटच टांगला गेला." तिने भावाकडे बघितलं. "तुझ्या घराचं काय व्हायचं ते होईल. गेलं तर ताडपत्री नाही आणायची, आमच्या घरात यायचं. कळलं?"

 मेहुण्याच्या डोळ्यांत राग तसाच होता.

"ब्रेकवर मी बसते," ती पुढे म्हणाली. "पंधरा वर्षं बघतेय. डोल हे ओढतील? नाही. डोल थोरला ओढेल. हे खाली उतरतील."

"मी?" यारीवाला वळला. "माझा गुडघा..."

"आणि माझा वाटा पूर्ण. वहीत लिही गं."

पोरीने पिशवीतून वही काढली आणि उभ्या-उभ्याच लिहिलं. कोणी हरकत घेतली नाही. बाबांनी विडी पेटवली.

यारीवाल्याने दांडा सोडला. बायको त्या जागेवर बसली, फडक्याचं टोक हातात गुंडाळून तिने दांडा धरला. तिने आधी रिकामा डोल एकदा खाली-वर करून बघितला. मग बाबा उतरले, रेडिओ उतरला, धाकटा उतरला. मेहुणा उतरताना बहिणीने इतका सावकाश दोर सोडला की त्याला तळ लागलेला कळलाही नसेल.

शेवटी यारीवाला. पंधरा वर्षांत तो डोलात बसला नव्हता. त्याने एक पाय आत घातला, तार धरली. तारेचा काथ्यासारखा खरखरीतपणा त्याच्या हाताला नवा होता. हाक खालून वर येताना द्यायची असते, पण त्याला राहवलं नाही.

"माणूस," तो म्हणाला.

डोल खाली निघाला. विहिरीची भिंत समोरून वर सरकायला लागली. आधी माती, मग मुरूम, मग सुरुंगाने तडकलेला काळा पाषाण. कडेवरून पोरीचं डोकं दिसत होतं, मागे उजळ आभाळ.

तीस फुटांवर डोल थांबला.

तो संथपणे गोल फिरायला लागला. यारीवाल्याने वर बघितलं. बायको दिसत नव्हती, फक्त चाक दिसत होतं आणि ते हलत नव्हतं. खाली चार जण माना वर करून उभे होते.  त्याच्या हाताला घाम सुटला.

त्याने विचारलं नाही की काय झालं. त्याला माहीत होतं. तो तार धरून मुकाट्याने लोंबकळत राहिला आणि वाट बघत राहिला.

मग चाक करकरलं आणि डोल पुन्हा सावकाश खाली जायला लागला. तळाशी मेहुणा उभा होता. त्याने डोलाची कडी धरली, डोल स्थिर केला आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून ड्रिल उचललं.